खो कुणाला द्यायचा?

मुंबईत पाऊस लागला की पी.टी.च्या शिक्षकाला स्टाफरूममध्ये बसायला खुर्ची मिळते, पण शिकवायला जागा मिळत नाही. मैदान असेल तर त्याचं तळं झालेलं असतं, गच्ची असेल तर तिच्यावर शेवाळ धरलेलं असतं आणि खालच्या पॅसेजमध्ये ओल्या छत्र्या वाळत पडलेल्या असतात. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि आपलं शाळेचं वर्ष नेमकं जूनच्या मध्याला सुरू होतं. नवी वह्या-पुस्तकं, नवे गणवेश, नवा उत्साह आणि मैदान बंद. अशा दिवशी मोठ्या बाई दारात येऊन गोड आवाजात म्हणतात, "आज तुमचा तास गणिताला देऊन टाकू या ना?" परवानगी कुणी मागत नसतं, हे त्यांनाही ठाऊक असतं आणि मलाही.

मी परळ-लालबागच्या पट्ट्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये शिकवते. आठवी ते दहावी. कागदावर विषयाचं नाव 'आरोग्य व शारीरिक शिक्षण', मुलांच्या तोंडी पी.टी., पालकांच्या तोंडी 'खेळाचा तास' आणि दहावीच्या दिवाळीनंतर कुणाच्याच तोंडी नाही. त्याची श्रेणी लागते, टक्केवारीत त्याचा पत्ता नसतो. आणि जे टक्केवारीत नाही ते आपल्याकडे अभ्यासात धरत नाहीत. शाळेला लागून गिरणीच्या जागेवर एक टॉवर उभा राहिला आहे. त्याच्या पोडियमवरची हिरवळ आमच्या दुसऱ्या मजल्यावरून छान दिसते. तिच्यावर कुणी खेळताना मात्र मी अजून पाहिलेलं नाही.

तर अशा शाळेला देणगीतून एक मोठा टीव्ही मिळाला. विज्ञानाच्या सरांनी तो आधी पळवला, मग भूगोलाच्या बाईंनी. माझ्या वाट्याला तो आला तो पावसामुळे. आणि एक फायदा पहिल्याच आठवड्यात कळला: वर्गाचं दार बंद आहे आणि आत टीव्हीवर काहीतरी चाललं आहे म्हटल्यावर तास मागायला कुणी येत नाही. तोच तास मैदानावर असता तर 'मुलं नुसती हुंदडतायत' असं म्हणून कुणीही उचलून नेला असता. खेळ चित्रात दिसला की अभ्यास होतो आणि प्रत्यक्षात झाला की टवाळकी, हा आपल्या शाळांचा न्याय आहे. मी त्याचा मुकाट्याने फायदा घेतला.

पण नुसता व्हिडिओ लावून काही होत नाही. मुलं तो सामना बघतात तसा बघतात. आमच्या मुलांना कबड्डी शिकवावीच लागत नाही असं पालकांना वाटतं, कारण २०१४ पासून प्रो कबड्डी घरोघरी चालते. आठवीतलं पोर 'सुपर टॅकल' कधी होतो ते झोपेत सांगेल: समोर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली तर. बोनस कधी? सहा किंवा जास्त बचावपटू असतील तेव्हा. सगळं पाठ. मग मैदानावर उभं करा आणि म्हणा, घे बोनस. पुढचा पाय रेषेच्या पलीकडे टाकताना मागचा पाय जमिनीपासून सुटलेला हवा, हे त्याने शेकडो वेळा डोळ्यांनी पाहिलेलं असतं आणि एकदाही दिसलेलं नसतं. मागचा पाय जमिनीला चिकटलेला, धड पुढे झुकलेलं, आणि तोंडाने मात्र "बाई, बोनस!"

डोळ्यांसमोरून जाणं आणि दिसणं यांत हे जे अंतर आहे, तिथे इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ कामाला येतो. नाव भारदस्त आहे, काम साधं. व्हिडिओ चालता चालता ठरलेल्या सेकंदाला थांबतो, पडद्यावर प्रश्न येतो, उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. उत्तर चुकलं तर चुकलेल्या जागेच्या मागे नेऊन तोच तुकडा पुन्हा दाखवतो. उत्तराप्रमाणे दोन वेगळ्या वाटांनीही नेता येतं. हे बनवायला एचफाइव्हपी नावाचं मोफत साधन आहे, आणि 'लुमी' नावाच्या सॉफ्टवेअरवर ते इंटरनेटशिवाय तयार करून एका फाइलमध्ये पेन ड्राइव्हवर टाकता येतं. पेन ड्राइव्हचं महत्त्व ज्यांच्या शाळेचं वाय-फाय पहिल्या पावसाबरोबर जातं त्यांनाच कळेल. मला संगणकाचं काही विशेष येत नव्हतं; पुतणीने एका रविवारी दाखवलं आणि पुढचं चहाबरोबर जमत गेलं.

अडचण वेगळीच होती. हे सगळं ज्यांनी बनवलं त्यांच्या डोक्यात एकेका मुलासमोर एकेक स्क्रीन आहे. आमच्याकडे वर्ग भरगच्च, मोबाइल आणायला बंदी, आणि टीव्ही एक. बटण दाबणार कोण? पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा दाबणार आणि बाकीचे माना डोलावणार. मग मी बाक मागे सरकवले. पर्याय 'अ' म्हणजे खिडकीची भिंत, पर्याय 'ब' म्हणजे दाराची भिंत. चित्र थांबलं की उत्तर पायांनी द्यायचं. लगेच कळपाचा प्रश्न आला: वर्गात ज्याचं वजन आहे तो जिकडे जाईल तिकडे सगळे. त्यावर उपाय म्हणून आधी डोळे मिटून छातीशी बोटं धरायची, एक किंवा दोन, मग डोळे उघडून आपल्या भिंतीकडे पळायचं, आणि आता बोटं बदलायची नाहीत. पहिल्या वेळेला पाच सेकंद, मग तीन, मग एक. खालच्या मजल्यावरच्या वर्गाची तक्रार आली, ती येणारच होती.

मला यात सर्वांत जास्त गोडी लागली ती खो-खोत. मी स्वतः खो-खो खेळले आहे, परळच्या मातीत, त्यामुळे हा पक्षपात समजा. ज्यांनी शाळेनंतर हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दोन टोकांच्या खांबांमधल्या पाटीवर आठ जणी बसलेल्या, एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून. नववी धावते. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशा खांब वळल्याशिवाय बदलता येत नाही. पळणारीला मात्र सगळी मुभा. ती दोघींच्या मधून सुळकन पलीकडे जाते. म्हणून पाठलाग करणारी स्वतःकडे पाठ करून बसलेल्या मैत्रिणीला मागून खो देते, आणि ती उठून पलीकडच्या अर्ध्यात धावते. सगळा खेळ या एका निर्णयात आहे: खो आत्ता द्यायचा, की एक खो राखून पुढच्या बसलेलीपर्यंत पळत जायचं?

लवकर दिलात तर काय होतं? पळणारीने आत शिरायची नुसती हूल दिलेली असते. तुम्ही फसून खो देता, तुमची मैत्रीण उठून पलीकडे धावते, आणि पळणारी अलीकडेच उभी राहून श्वास घेते. उशीर केलात तर ती खरोखर आत शिरून दोन पावलं पुढे गेलेली असते आणि तुम्ही बसलेलीला ओलांडून गेलेल्या असता. मागे फिरता येत नाही. या दोन चुकांच्या मध्ये जो क्षण असतो तो अर्ध्या सेकंदाचाही नसतो. मैदानावर मी कितीही ओरडले, "खांद्याकडे बघू नकोस, कमरेकडे बघ," तरी माझं वाक्य संपेपर्यंत पळणारी तिसऱ्या चौकोनात पोचलेली असते. शिकवणं आणि घडणं यांची वेळच जुळत नाही. शिट्टी मारून खेळ थांबवला तर सगळ्या जणी वळून माझ्याकडे बघतात. ज्या कमरेकडे बघायचं होतं ती तोवर सरळ झालेली असते.

व्हिडिओत ती कंबर थांबते.

मी जुन्या क्लबातल्या दोन मोठ्या खेळाडूंना पकडलं आणि सकाळी सहाला, मैदानावर क्रिकेटवाले यायच्या आत, मोबाइलवर तुकडे घेतले. पहिल्यांदा कडेच्या पायरीवर चढून वरून घेतले, टीव्हीवर सामना दिसतो तसे. ते दिसायला छान होते आणि शिकवायला निरुपयोगी, कारण वरून सगळंच दिसतं. पाठलाग करणारीला मैदानावर तसं कधीच दिसत नाही. तिला दिसते पुढच्या मुलीची पाठ, उडणारी वेणी आणि बसलेल्या डोक्यांची रांग. म्हणून पुढचे तुकडे पाठलाग करणारीच्या छातीशी मोबाइल धरून घेतले. चित्र हलतं, धूसर होतं, मध्येच आभाळ दिसतं. पण निर्णय याच चित्रावरून घ्यायचा असतो.

आता ते एक चित्र जवळून बघा. पळणारी उजव्या खांबाकडे निघालेली. पुढे दोन मुली, दोघींची पाठ आपल्याकडे, मध्ये एक आपल्याकडे तोंड करून बसलेली, म्हणजे तिला इथून खो देता येत नाही. पळणारीचा डावा खांदा आत कललेला, डोकंही आत. वर्गातली सगळी पोरं ओरडतात, "शिरली, शिरली, दे खो!" आणि इथे चित्र थांबतं. मी काही बोलत नाही. भिंती वाटल्या जातात. मग तेच चित्र मोठं करून पावलाभोवती गोल काढलेला येतो: पुढच्या पावलाचा अंगठा सरळ खांबाकडे. कमरेची रेघ सरळ. आत जायचं असतं तर ते पाऊल आडवं पडलं असतं, कारण वळायला जमिनीला कडेने रेटा द्यावाच लागतो. खांदा आणि डोकं फुकट हलवता येतात, म्हणून खोटं तिथेच बोललं जातं. पुढे चालवलं की ती सरळ निघून जाते आणि खिडकीच्या भिंतीकडे गेलेल्या पंचवीस-तीस जणांचा एकदम "आईशप्पथ!" असा आवाज येतो. त्या आवाजासाठी मी रविवारच्या झोपा मोडल्या आहेत.

यातून पाय वेगवान होत नाहीत, हे स्वच्छ सांगायला हवं. बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, फिट्स आणि पोस्नर या दोघांनी १९६७ मध्ये मांडलेले कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे पाठ केले होते: आधी काय करायचं ते डोक्यात उमगतं, मग चुकत-सुधारत हातापायांत उतरतं, मग विचार न करता होतं. व्हिडिओ पहिल्या टप्प्याचं काम झटपट उरकतो, दुसऱ्यात थोडा हातभार लावतो, तिसऱ्यात त्याला प्रवेश नाही. आमच्या मुलींत फरक पडला तो बोलण्यात. पूर्वी बाद झाल्यावर किंवा खो चुकल्यावर "बाई, ती फास्ट आहे" एवढंच यायचं. आता पाणी पिताना एकमेकींत ऐकू येतं, "तिने पाऊल आडवं टाकलंच नव्हतं, तू उगाच दिलास." खेळाबद्दल असं भांडता येणं हे मला निम्मं शिक्षण वाटतं.

व्हिडिओवरून खेळ शिकलेला जगातला सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे केनियाचा भालाफेकपटू ज्युलियस येगो. धावपटूंच्या देशात भाल्याचा प्रशिक्षक मिळेना म्हणून तो यूट्यूबवर बघून शिकला आणि २०१५ साली बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत ९२.७२ मीटर भाला फेकून सुवर्णपदक घेऊन आला. ही गोष्ट मुलांना आवडते, आणि संस्थाचालकांना त्याहून जास्त. "बघा मॅडम, कोच नको, काही नको!" त्यांना मी गोष्टीचा उरलेला भाग सांगते. येगोकडे फेकायला मोकळं रान होतं. तो बघायचा, फेकायचा, परत बघायचा. आणि पुढे तोही फिनलंडला जाऊन प्रशिक्षकाच्या हाताखाली राहिलाच. आमच्या शाळेच्या आवारात भाला फेकला तर तो थेट आंबेडकर रोडवरच्या बसच्या काचेत जाईल.

काही गोष्टी मी टीव्हीवर शिकवतच नाही. कोलांटउडी त्यांत पहिली. मान कुठे दुमडली आहे हे मुलाला स्वतःला कळत नाही. तिथे शिक्षकाचा तळहात डोक्याच्या मागे असावा लागतो, दुसरा कोणताच उपाय नाही. शिवाजी पार्कला श्री समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकवताना कधी तरी उभं राहून बघा. तेल लावलेल्या लाकडाला पोर मांड घालून उलटं होतं आणि खाली प्रशिक्षकाचे हात त्याला न लागता त्याच्या बरोबरीने फिरत असतात. तिथले उदय देशपांडे सर, ज्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी पिढ्यान् पिढ्या मुलं खांबावर चढवली आणि देशोदेशी हा खेळ नेला. २०१९ च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धाही याच शिवाजी पार्कवर झाली. त्या न लागणाऱ्या हातांचा व्हिडिओ काढता येईल, पण व्हिडिओला ते हात लावता येणार नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे नक्कल. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले, दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. शाळेत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. त्यातल्या सूर मारण्याचे तुकडे मुलांनी आपापल्या घरी वीस-वीस वेळा बघितले, आणि तो खेळ झाला मॅटवर. आमच्या आवारात पेव्हर ब्लॉक आहेत. तिथे खांबाशी तसा सूर मारला तर हनुवटीला टाके. म्हणून माझ्या व्हिडिओत अशा जागी लाल चौकट येते आणि विचारते: हे आपल्या आवारात करता येईल का? 'हो' दाबलं की पुढे जातच नाही. मुलं मुद्दाम 'हो' म्हणतात, तो भाग वेगळा. उंच उडीचंही तेच. टीव्हीवर सगळे पाठीवरून उडतात, कारण पलीकडे जाड गादी असते. वाळूच्या खड्ड्यात कात्री उडीच मारायची, हे मी व्हिडिओला सांगायला लावते, कारण माझं ऐकत नाहीत ती टीव्हीचं ऐकतात.

इंटरनेटवरच्या तयार व्हिडिओंचा आणखी एक त्रास आहे: ते जुने झाले तरी जुने दिसत नाहीत. चार बाय शंभर रिलेत बॅटन बदलायचा पट्टा पूर्वी २० मीटरचा असायचा, आता ३० मीटरचा आहे. नेटवर मात्र २० मीटरवाले सुरेख, रंगीत, संगीत लावलेले व्हिडिओ अजून फिरत असतात, आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते 'अतिशय उपयुक्त, सर्वांनी पाहावे' म्हणून येतात.

लॉकडाऊनमधल्या ऑनलाइन पी.टी.बद्दल फार बोलावंसं वाटत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, त्यात सूर्यनमस्कार. दोरीउड्या मारल्या तर वर पंखा आणि खाली शेजारी. मोबाइल बाबांचा, तो बाबांबरोबर कामावर गेलेला. तेव्हा खेळाच्या व्हिडिओंची सवय लागली हे खरं, पण ती सवय म्हणजे सोय नव्हती, नाइलाज होता, आणि दोहोंतला फरक काही लोक लवकर विसरले.

मुलींच्या बाबतीत मात्र हा पडदा मला अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडला. आठवी-नववीत मुली खेळातून एकेक करून गळतात. कारणं सगळ्यांना माहीत असतात आणि कुणी मोठ्याने बोलत नाही: पाळी, अंगात बदल, गणवेशाचा स्कर्ट, कडेला बसून हसणारी मुलं, घरून आलेली तंबी. मुलांच्या देखत उडी मारायला तयार नसलेली मुलगी रिकाम्या वर्गात दार लावून, टीव्हीवर थांबलेल्या चित्रासमोर तीच उडी चार वेळा मारते. त्यात एक गोष्ट हमखास सापडते. उडी मारून जमिनीवर येताना तिचे गुडघे आत, एकमेकांकडे पडतात. नुसत्या डोळ्यांना हे पटकन दिसत नाही, स्लो मोशनमध्ये ढळढळीत दिसतं. गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो, आणि गुडघे असे आत पडणं हे त्यामागचं एक कारण. तिला सांगायचं एवढंच: गुडघे पावलांच्या रेषेत, नितंब मागे, आवाज न करता उतर. ती स्वतःचा व्हिडिओ बघते, "ई, बाई, मी अशी पडते?" म्हणते आणि पुढची उडी सुधारून मारते. सरावलेल्या खेळाडूची निर्दोष उडी दाखवून हे होत नाही; तिला स्वतःचीच उडी बघावी लागते.

पण मुलींचं चित्रण म्हटलं की जपावं लागतं, आणि इथे मी कुणाची भीड ठेवत नाही. आधी पालकांची लेखी संमती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अठराच्या आतल्यांसाठी पालकांची संमती लागते असंच आहे. माझ्या स्वतःच्या मोबाइलवर काही नाही. शाळेचा एक जुना टॅब, त्यात सिमकार्ड नाही. तास संपला की त्या मुलीसमोरच तिचे तुकडे पुसायचे. एकदा वार्षिक अहवालासाठी 'थोडं फुटेज' मागितलं गेलं. दिलं नाही. त्यांना लेझीमचे फोटो दिले, तेही छान होते.

आणि काही वेळा व्हिडिओ फक्त घड्याळाचं काम करतो. नाडी मोजायची: मानेला दोन बोटं, पंधरा सेकंद, आलेल्या आकड्याला चारने गुणायचं. पडद्यावर पंधरा सेकंद उलटे मोजले जातात आणि वर्गात जी शांतता पसरते ती परीक्षेतही नसते. मग एक आवाज, "बाई, माझी लागतच नाही." शेजारचा, "मेलास तू." मग जागच्या जागी एक मिनिट गुडघे उचलून धावायचं आणि पुन्हा मोजायचं. आता सगळ्यांची लागते.

इतकं सगळं केल्यावर मला ज्याची भीती होती ते झालंच. संस्थेच्या एका बैठकीत एका सदस्यांनी फार सौजन्याने विचारलं, "मॅडमचं टीव्हीवर इतकं छान चाललंय, तर मागच्या मोकळ्या जागेत शिक्षकांच्या गाड्यांची सोय करायला काय हरकत आहे?" हरकत काय ते मी सांगितलं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात, २००९ पासून, शाळेला काय काय असायला हवं त्या यादीत खेळाचं मैदान आहे. तिथे पर्याय म्हणून टीव्ही लिहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी म्हणते. जगातल्या अकरा ते सतरा वयाच्या मुलांपैकी ८१ टक्के मुलांना ती मिळत नाही, भारतात सुमारे ७४ टक्क्यांना. आपल्या मुलांना आठवड्यातून दोन तास मिळतात, त्यातले निम्मे पावसात जातात, आणि उरलेल्यात तुमची गाडी उभी राहणार. फिट इंडियाच्या चाचण्यांत ६०० मीटर धावणं आहे. ते आजही आम्ही इमारतीभोवती फेऱ्या मारून उरकतो. कोपरे वळण्यात आणि डस्टबिन चुकवण्यातच पोरांचा वेळ जातो, आणि तो आकडा मग शिवाजी पार्कवर सरळ धावलेल्या मुलाच्या आकड्याशेजारी जाऊन बसतो. बैठकीत यावर चहा आला आणि विषय 'पुढे विचारार्थ' गेला. जागा अजून आहे. दोन स्कूटर रोज थोड्या थोड्या आत सरकतात, त्यावर माझं लक्ष आहे.

तेव्हापासून नियम केला आहे: पस्तीस मिनिटांच्या तासात टीव्ही दहा मिनिटं. उघडीप असेल त्या दिवशी तो लावायचाच नाही, मुलांनी कितीही गयावया केली तरी. आणि मुलं करतात, हे खरं आहे. टीव्हीसमोर घाम येत नाही.

या वर्षीच्या खो-खोच्या व्हिडिओत शेवटचा प्रश्न मी मुद्दाम अडचणीचा ठेवला आहे. पळणारी खांबाजवळ, दमलेली. पाठलाग करणारी दोन पावलांवर. 'अ': शेवटच्या बसलेलीला खो द्या. 'ब': खो न देता स्वतःच खांब वळा. सॉफ्टवेअर हटून बसतं, बरोबर उत्तरावर खूण करा म्हणून. मी दोन्हींवर केली, कारण खरोखर दोन्ही बरोबर असू शकतात. तुमच्या दमावर आहे, बसलेल्या मुलीच्या चपळाईवर आहे, पळणारी आज कुठल्या बाजूने वळते त्यावर आहे. आठवीच्या वर्गात यावरून जवळजवळ मारामारी झाली. "बाई, दोन्ही कसं बरोबर असेल? परीक्षेत असं नसतं." खिडकीच्या भिंतीकडचे दाराच्या भिंतीकडच्यांना पटवायला लागले, दाराकडचे बाकांवर चढून खांब वळून दाखवायला लागले. खालच्या वर्गातून पुन्हा निरोप आला. बाहेर पाऊस थांबला होता, पण तासाची आठ-नऊ मिनिटंच उरली होती.

"चला खाली," म्हटलं, "करून बघा."

जिन्यातच एकीने अट घातली. "पळणारी तुम्ही व्हायचं, बाई. आमच्यातली झाली तर मुद्दाम हरेल."

माझ्या गुडघ्यांचं वय तिला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही.